आत्याच्या पायगुणाचा कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर विकत आणलेला नव्हता, मी जुळवलेला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात त्याची मालकी रोज बदलायची. चालू झाला की तो बाबांचा कॉम्प्युटर असायचा, आणि बाबा ऑफिसातल्या लोकांना चहाला बोलावून त्यांच्यासमोर उगाच माऊस हलवून दाखवायचे. बंद पडला की मात्र तो ताबडतोब माझा व्हायचा. "पाहा, तुमच्या पोरीनं काय करून ठेवलं ते," असं आई बाबांना म्हणायची, आणि बाबाही मान हलवून माझ्याकडे पाहायचे. मी तेव्हाही तापट होते. आता केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, पण तेवढं एक अजून जागच्या जागी आहे.

बीएस्सी झाल्यावर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला. तिथे सरांनी एक दिवस कॉम्प्युटर उघडून दाखवला, तेव्हा बाकीच्या मुली घाबरून मागे सरकल्या आणि मी पुढे सरकले. तिथूनच हे वेड लागलं. नागपुरातल्या सदर बाजारातल्या एका दुकानातून मी एकेक सुटा भाग आणत गेले. आज कॅबिनेट, पंधरा दिवसांनी मदरबोर्ड, मग रॅम. सगळ्यात शेवटी मॉनिटर आला, तो जुना होता आणि एखाद्या म्हाताऱ्या बोकडाएवढा जड होता. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून तो मांडीवर घेऊन मी घरापर्यंत आले, आणि त्यानंतर दोन्ही मांड्यांना बराच वेळ काही समजतच नव्हतं. कॉम्प्युटर कुठे ठेवायचा यावर घरात चर्चा झाली. आईचं म्हणणं, स्वयंपाकघराजवळ नको, फोडणीचा धूर लागेल. बाबांचं म्हणणं, बैठकीतच पाहिजे, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार कसा? बाबांचंच खरं झालं. अंगणाकडच्या खिडकीखाली टेबल लागलं. त्या खिडकीत दर उन्हाळ्यात आमचा कूलर बसायचा, पण दुकानदारानं ओल नको म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे कूलरची रवानगी मागच्या खोलीत झाली. नागपुरातल्या माणसानं बैठकीतला कूलर हलवणं ही साधी गोष्ट नाही. बाबांनी तो त्याग केला आणि पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितला.

खिडकीजवळ प्लग नव्हता म्हणून एक वायरमन आला. आई गोळाभात वाढत होती तेवढ्यात त्यानं नवीन पॉइंट बसवूनसुद्धा टाकला. भिंत फोडली नाही, रंगाचा एक टवका उडू दिला नाही. बाबा इतके खूश झाले की त्यालाही पाटावर बसवून गोळाभात खाऊ घातला, वरून हिंगाचं तेल. त्यानं दोनदा मागून घेतला. तो माणूस मला आज भेटला तर मी त्याला काय वाढेन ते लिहीत नाही.

ते श्रावणाचे दिवस होते. कॉम्प्युटर पहिल्या दिवसापासून सुरळीत चालला. बटण दाबलं की एक बारीक शीळ वाजायची, पंखा घुमायचा, आणि घरात सगळ्यांचे चेहरे उजळायचे. मी कॉलेजच्या मुलींचे प्रोजेक्ट टाइप करून द्यायला लागले, लग्नाळू मुलांचे बायोडाटा करायला लागले. "रंग निमगोरा" हे शब्द मी त्या हिवाळ्यात इतक्या वेळा टाइप केले असतील की बोटं आपोआप तिकडे जायची. एकच तक्रार होती. कॅबिनेटला हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. दुकानदार म्हणाला, "मैडम, उतना तो चलता है." त्यामुळे आईनं नियम केला की कॉम्प्युटरसमोर रबरी चप्पल घालूनच बसायचं. देवासमोर चप्पल काढायची आणि कॉम्प्युटरसमोर घालायची, हे बाबांना फार दिवस पटलं नाही.

होळी झाली आणि कॉम्प्युटर रुसला. बटण दाबलं की पंखा अर्धी गिरकी घ्यायचा, हिरवा दिवा एकदा लुकलुकायचा आणि सगळं गप्प. दहा वेळा दाबावं तेव्हा एखाद्या वेळी चालायचा, आणि दुपारच्या उन्हात तर अजिबातच नाही. मी त्याची पाठ उघडून बसले. रॅम काढून खोडरबरानं घासली. सगळ्या वायरी उपटून परत खोचल्या. विजेचा पुरवठा करणारा आतला डबा, एसएमपीएस, तो बदलला. तरी ढिम्म. शेवटी सगळं धूड सायकलरिक्षात घालून सदरला नेलं. दुकानदारानं प्लग लावला, बटण दाबलं, शीळ वाजली. परत बंद करून दाबलं, परत वाजली. माझ्याकडे असं पाहायला लागला की जणू मीच रिक्षात कॉम्प्युटरला दम देत आणलं होतं. "मशीन एकदम ओके है मैडम. घर में किसी से झगड़ा तो नहीं हुआ इसका?" मी त्याला जे उत्तर दिलं त्यानंतर तो माझ्याशी कायम अदबीनं बोलायचा. घरी आणला, टेबलावर ठेवला, बटण दाबलं. अर्धी गिरकी आणि गप्प. मी रागानं टेबलाला लाथ घातली, आणि दुखावलं काय तर माझाच अंगठा.

त्याच आठवड्यात उमरेडहून कमलआत्या आली. कमलआत्या बाबांची मोठी बहीण. आवाज असा की एसटीतून उतरून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी बोलली तरी आमच्या स्वयंपाकघरात कळायचं, आली बरं बाई. हातात कापडी पिशवी, पिशवीत भिवापुरी मिरच्या, ज्वारीच्या पापड्या, आणि माझ्यासाठी तिच्या मशीनवर शिवलेलं काहीतरी. आली की आधी अंगणातल्या नळाशी थांबायची. उमरेडच्या रस्त्यांवर कोळशाची काळी धूळ, ती पायांना धरून यायची. आत्या बादली भरायची आणि नळाजवळ उभी राहून घोट्यापर्यंत, टाचांच्या भेगांपर्यंत पाय घासघासून धुवायची, अर्धी बादली नुसती ओतायची. शहरातले पाहुणे तोवर पाय धुवायचं विसरून गेले होते, दारात पायपुसण्यावर दोनदा पाय घासले की झालं. आत्याला ते पटायचंच नाही. "बाहेरचं बाहेर ठेवावं वं," म्हणायची.

त्या दिवशी पाय धुऊन, चहा पिऊन ती बैठकीत आली. मी तोंड फुगवून बसले होते. "काहून अशी बसली वं शैले? दाव बरं मले तुहा तो डबा." मी म्हटलं, आत्या, तो चालत नाही. "मी पाहू का दाबून?" तिनं बोट पुढे केलं, कुकरच्या शिट्टीला हात लावावा तसं घाबरत बटण दाबलं, आणि शीळ वाजली. पंखा घुमला. पडद्यावर अक्षरं पळायला लागली. आत्यानं हात मागे घेतला, "अवं माय! मी काही केलं नाही बाप्पा!" असं ओरडली, आणि मी तिला मिठी मारली.

एकदा झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण ती दोन दिवस राहिली आणि दोन्ही दिवस, देवळात जाऊन आली, बाजारात जाऊन आली, की येताना नळावर पाय धुवायची आणि आत येऊन बटण दाबायची. कॉम्प्युटर दर वेळी चालू. ती उमरेडला परत गेली, दुसऱ्या दुपारपासून कॉम्प्युटर बंद. पुढच्या वेळी आली, परत चालू. आईनं आधी हे बाबांना सांगितलं, मग शेजारी सांगितलं, आणि मग सगळ्या गल्लीत झालं की कमलबाईंचा पायगुण फार चांगला. मी सायन्सची पदवीधर, पण टायपिंगची कामं तुंबली की मीसुद्धा बाबांच्या मागे लागायचे, आत्याला आणा म्हणून. बाबा सुटीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं जायचे आणि बहिणीला घेऊन यायचे.

यात काय होतं ते आईला, बाबांना आणि मला, तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. आत्याचं लग्न झालं आणि वर्ष व्हायच्या आत तिचे यजमान, आमचे मामाजी, काविळीनं गेले. सासरच्यांनी तेव्हाच सांगून टाकलं की ही पांढऱ्या पायाची. घरात आली आणि घरचा माणूस गेला. तेव्हापासून आत्या कुठल्याही कार्याला गेली की सरळ स्वयंपाकघरात शिरायची. पापड तळायची, पानं लावायची, बाहेर काही शुभ चाललं असलं की दाराआड उभी राहून पाहायची. कोणी हाकलत नव्हतं, तीच जायची नाही. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण मांडवात तिचा आवाज कधी ऐकू आला नाही. आणि आता आई तिला हाताला धरून बैठकीत आणायची आणि म्हणायची, "बाई, तुम्हीच दाबा बटण." आत्या पदर सारखा करायची, नमस्कार केल्यासारखं करायची आणि दाबायची. त्या उन्हाळ्यात ती मला वेगळीच दिसायला लागली. पाठ ताठ झाली होती तिची.

मग शेजारच्या लताकाकू आल्या. त्यांच्या मुलानं नाक्यावर झेरॉक्सचं दुकान घेतलं होतं, अक्षय्यतृतीयेला उघडायचं होतं. म्हणाल्या, "कमलताई, दुकानात पहिलं पाऊल तुमचंच पाहिजे बरं का." आत्या त्यांच्याकडे पाहतच राहिली. "माहं?" एवढंच म्हणाली. लताकाकू म्हणाल्या, हो तर, तुमचं नाही तर कोणाचं. त्या गेल्यावर आत्या किती तरी वेळ मोरीत भांडी घासत बसली, घासलेलीच परत घासत होती. दुसऱ्या दिवशी आई तिला गांधीबागेतल्या कापडबाजारात घेऊन गेली. आईनं साडीसाठी दुकानदाराशी तासभर हुज्जत घातली, आणि आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी मोतिया रंगाची, हिरव्या काठाची साडी निवडली. मग ती साडी आमच्याकडेच ठेवून उमरेडला गेली, आदल्या दिवशी येते म्हणून.

त्या आदल्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. उन्हाळ्यात नागपुरात यात नवल नाही. आत्या दुपारी आली, नळ फिरवून पाहिला, तो फुसफुसला. आईनं ओलं फडकं दिलं, "आज इतकंच, बाई. पिण्यापुरतं पाणी आहे." आत्यानं पाय पुसले आणि आत आली. हसत होती. मला म्हणाली, "चाल, पहिले तुहं काम करून टाकू." बटण दाबलं. पंख्यानं अर्धी गिरकी घेतली आणि थांबला. तिनं परत दाबलं. मी म्हटलं, थांब आत्या, होतं असं कधी कधी. तिनं तिसऱ्यांदा दाबलं, मग मला दाबायला लावलं, मग स्वतः दाबलं. हसू हळूहळू गेलं. आत्या उठली, खुंटीवरची पिशवी काढली आणि कपाटातली मोतिया साडी आईच्या हातात दिली. "लताबाईले सांगून देजा, मले बरं नाही म्हणून. लेकरानं एवढं दुकान घेतलं, त्याचं काही वाईट व्हायले नको." आणि मागच्या अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

मला जे वाटलं ते सरळ सांगते. मला राग आला. लताकाकूंचा नाही, सासरच्यांचा नाही, त्या टेबलावरच्या डब्याचा. माझ्या हातानं जुळवलेल्या डब्यानं माझ्या आत्याला पांढऱ्या पायाची ठरवलं होतं. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मनाशी एकेक गोष्ट घोळवायला लागले. आत्या आली तशीच आली, एसटीनंच आली, तीच पिशवी, तोच चहा, तीच वेळ. आज झालं नाही ते एकच. पाय धुतले नाहीत. हसूच आलं मला. मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि हसू थांबलं. नळाखालची जमीन उन्हानं फाटली होती. घराची अर्थिंगची जाड तार भिंतीवरून उतरून नळाच्या शेजारीच जमिनीत जात होती, आणि तिच्या भोवतीच्या मातीत बोटभर भेग पडली होती.

मी मेन स्विच बंद केला आणि खिडकीखालचा पॉइंट उघडला. वीज एका तारेनं येते आणि दुसऱ्या तारेनं परत जाते, एवढं तर शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्या वायरमननं येणारी तार आतल्या बोर्डातून ओढली होती, पण परत जाणारी तार ओढायला भिंत फोडावी लागली असती, म्हणून ती त्यानं खिडकीबाहेरच्या अर्थिंगच्या तारेला बांधून टाकली होती. कॉम्प्युटरची वीज परत जायची ती जमिनीतून. पावसाळ्यात, हिवाळ्यात जमीन ओली, तिला वाट मिळायची. उन्हाळ्यात कूलरचं गळणारं पाणी तिथे पडलं असतं, पण तो आम्ही स्वतःच्या हातानं मागे नेऊन ठेवला होता. राहिलं होतं फक्त आत्याचं पाय धुण्याचं पाणी. आणि ती तिथेच, त्याच ओल्या जमिनीवर, अनवाणी उभी राहायची. त्या विजेचा धक्का तिला केव्हाही बसला असता. पुढे ते सगळं मी चांगल्या माणसाकडून भिंत फोडून करून घेतलं, आणि बाबांनी टवक्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. आता नातू मला नव्या घरातली बटणं दाखवून म्हणतो, आजी, थोडी जरी वीज चुकीच्या वाटेनं गेली तरी हे आपोआप पडून वीज बंद होते. मी त्याला दर वेळी विचारते, नक्की पडतं ना?

पण तेव्हा माझं डोकं एकाच गोष्टीवर होतं. पॉइंट जसा होता तसा बंद केला, मागच्या कूलरच्या टाकीतून बादली भरली आणि त्या भेगेत ओतली. आई ओरडली, "अवं, पाणी काहून सांडून राहिली!" मी अजून एक ओतली. सगळ्यांना अंगणापासून लांब ठेवलं, मेन चालू केला, आणि बाबांना बटण दाबायला सांगितलं. बाबांच्या हातून तो उन्हाळाभर एकदाही चालू झाला नव्हता. शीळ वाजली. बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले.

आत्या अजून मागच्या अंगणातच होती. तिला हाताला धरून आणलं, दाखवलं, तार दाखवली, पाणी दाखवलं, मग सगळं बंद करून टाकलं. ती ऐकत होती. मला वाटलं होतं ती खूश होईल, पण मग माझ्या लक्षात आलं की मी तिचा चांगला पायगुणसुद्धा काढून घेतला होता. लोकांनी इतक्या वर्षांनी दिलेली एकच चांगली गोष्ट.

"म्हणजे ते पाण्यानं होत होतं," ती म्हणाली.

"हो, आत्या."

"माह्या पायानं नाही."

"नाही."

तिनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. धूळ अजून बोटांच्या बेचक्यांत होती. "पायानं मशीन चालू होत नाही, बंद पडत नाही."

"नाही पडत, आत्या."

"मंग ते गेले..." ती थांबली. मामाजींचं नाव ती घेत नसे. "ते गेले त्याच्यातबी माह्या पायाचं काही नसन. सांग नं वं शैले. तू शिकली आहेस."

बाबा पुढे आले आणि बहिणीच्या शेजारी जमिनीवर बसले. "कावीळ होती, ताई," म्हणाले. "साधी कावीळ. मी तेव्हाच बोलायले पाहिजे होतं." आत्या पदर तोंडात धरून रडली, आवाज न करता, आणि मग जेव्हा आवाज निघाला तेव्हा तो नेहमीचा होता, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यालाही ऐकू जाईल असा.

संध्याकाळी तीच उठून लताकाकूंकडे गेली. मी मागे होतेच. काकूंना तिनं तार, पाणी, जमीन, सगळं सांगितलं, थोडं चुकीचं सांगितलं, आणि म्हणाली, "असं आहे लताबाई. माहे पाय साधेच आहेत. तुम्हाले दुसरं कोणी पाहायचं असन तं पाहा." लताकाकूंना त्यातलं कितपत समजलं कोण जाणे. म्हणाल्या, "जाऊ द्या हो ताई, मी सगळ्यांना सांगून बसली. तुम्हीच या." सकाळी आत्या मोतिया साडी नेसून गेली, दुकानात सगळ्यांच्या आधी पाऊल टाकलं, आणि आत उभी राहून इतक्या मोठ्यानं पोराला दुकान कसं लावायचं ते सांगायला लागली की रस्त्यावरचे लोक आत डोकावायला लागले.

ते दुकान काही चाललं नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आत शटर पडलं ते पडलंच. ही बातमी आत्याला कशी सांगावी हे आम्हाला कोणालाच कळेना. शेवटी उमरेडला गेले तेव्हा मीच सांगितली, भीत भीत, तिच्या चेहऱ्याकडे पाहत. ती मशीनवर ब्लाउज शिवत होती. पाय चालूच होते.

"जागाच खराब पाहिली वं त्या पोरानं," ती म्हणाली. "नाक्यावर झेरॉक्स काढाले कोण येते? कॉलेजजवळ घ्यायले पाहिजे होतं. सरक जरा तिकडे, उजेडात नको उभी राहू."